तक्रार नाही

सकाळी पावणेसातला आमच्या घरात कुणी कुणाशी नीट बोलत नाही. धाकटीची एक वेणी झालेली असते आणि एक राहिलेली, थोरल्याला एकच मोजा सापडलेला असतो, ह्यांचा शर्ट इस्त्रीखाली असतो आणि आतल्या खोलीतून सासूबाई आपल्या गुडघ्याचा रात्रभराचा वृत्तान्त सांगत असतात. अशा वेळी दारावर थाप पडली. बेल असताना दारावर थाप मारणारं माणूस आमच्या इमारतीत एकच. तिची थापही ठरलेली, सारख्या अंतराने तीन आणि मग गप्प.

दार उघडलं तर फौजीताई. भिंतीला हात लावून उभ्या होत्या आणि दुसऱ्या हातात खाकी लिफाफा होता. काहीतरी बोलायचं होतं, पण अजून शब्दापुरता श्वास जमला नव्हता. त्या जिना चढून आल्या नव्हत्या, चौथ्या मजल्यावरच्या आपल्या घरातून दोन मजले उतरून आमच्याकडे आल्या होत्या. उतरतानाही माणसाला धाप लागते हे मला त्यांच्यामुळेच कळलं.

लिफाफा आदल्या संध्याकाळीच आला होता. मी आत बोलावलं, खुर्ची पुढे केली. बसून थोडं पाणी प्यायल्यावर म्हणाल्या, "मी तीनदा वाचलं, वहिनी. तुम्ही एकदा वाचा. माझंच काही चुकत असेल."

चुकलं नव्हतं. वर शिक्का, खाली तीन सह्या आणि मधे दोनच ओळी. अर्जदाराचा रक्तक्षयाचा आजार लष्करी सेवेमुळे उद्भवला असल्याचे मान्य करण्यात येत आहे. अपंगत्वाचे प्रमाण : शून्य टक्के.

"बरोबर वाचलंत," मी म्हणाले.

"म्हणजे आजार आहे, पण मी आजारी नाही." त्या थोडं हसल्या. मग लिफाफ्याची घडी पुन्हा घातली, कडेला कड लावून, नखाने दाबत. तेवढ्यात जळका वास आला. ह्यांच्या शर्टाच्या कॉलरवर इस्त्री तशीच राहिली होती.

फौजीताई एकवीस वर्षं लष्करात होत्या. विसाव्या वर्षी भरती झाल्या आणि सगळी नोकरी सहा चाकी ट्रक चालवण्यात गेली. धान्य, तंबू, पिण्याचं पाणी, एकदा तर म्हणे चार दिवस नुसत्या चपला, जे भरून देतील ते घेऊन जायचं आणि रिकामी गाडी परत आणायची. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर म्हणायच्या, "रजा मंजूर झाली नाही." निवृत्तीनंतर त्या शाळेची बस चालवायला लागल्या. सात वर्षं चालवली. मग एके दुपारी सिग्नलला उभ्या असताना डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यांनी बस बाजूला घेतली, दुसरी बस मागवून मुलं घरी पोचवली आणि त्याच संध्याकाळी किल्ली शाळेत नेऊन दिली. कुणी काढलं नव्हतं, कुणाला काही कळलंही नव्हतं. "मला कळलं होतं ना," एवढंच म्हणाल्या.

घरात त्या आणि त्यांची आई. आम्ही सगळे त्यांना आजी म्हणतो. अठ्ठ्याहत्तर वर्षांची चिमणीएवढी बाई, कंबर मोडल्यापासून चालणं जवळजवळ बंद आणि तोंड मात्र शाबूत. त्यांचा पलंग चौथ्या मजल्याच्या खिडकीशी लावलेला आहे. मी कधी वर गेले की आजींचं एक गाऱ्हाणं ठरलेलं असायचं. "इथून मला माणसांची डोकीच दिसतात गं. तोंडं दिसत नाहीत. दहा वाजता एक टक्कल जातं, साडेबाराला दोन वेण्या जातात. टकलाला मिशी आहे का नाही, देव जाणे."

ह्या इमारतीला लिफ्ट नाही. पूर्वी फौजीताई आजींना पाठीवर घेऊन उतरवायच्या, दवाखान्यात न्यायच्या, येताना फाटकाशी तासभर खुर्चीवर बसवायच्या आणि पुन्हा पाठीवर घेऊन चार मजले वर. पोती उचललेली पाठ होती ती. वर्षापूर्वी एकदा अशाच वर नेत असताना त्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर थांबल्या, आजींना पायरीवर टेकवलं आणि स्वतः बाजूला बसल्या. अर्धा तास मायलेकी तिथेच. शेवटी ह्यांनी आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याने आजींना खुर्चीसकट वर पोचवलं. आजींना परक्या पुरुषांच्या हातून उचललं जाण्याची इतकी शरम वाटली की त्यांनी वर जाईपर्यंत पदर तोंडावर ओढून घेतला होता. त्यानंतर लेकीला म्हणाल्या, "मला आता खाली नेऊ नकोस. वर आणायला तुझ्यात रक्त कुठाय?"

आजी बोलून गेल्या, पण ते अक्षरशः खरं होतं. फौजीताईंच्या अंगात रक्त टिकत नव्हतं.

मला हे फार उशिरा कळलं. रोज संध्याकाळी त्या वाटी घेऊन यायच्या, "बर्फ आहे का, वहिनी?" त्यांच्या फ्रिजमधला त्यांना पुरत नसे. आणि तो बर्फ सरबतात वगैरे नाही, तसाच तोंडात टाकून कडाकडा चावायच्या. सासूबाई म्हणायच्या, "दात काय दुसरे मागवलेत का?" मला वाटायचं, फौजेतली सवय असेल. पुढे दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की लोह फार कमी झालं की माणसाला अशी विचित्र खा-खा सुटते. कुणी माती खातं, कुणी कच्चे तांदूळ, ह्या बर्फ खातात. डॉक्टरीणबाईंनी त्यांचं नख माझ्यापुढे धरलं होतं. मधे खोलगट, चमच्यासारखं. त्यावर पाण्याचा थेंब ठेवला तर राहिला असता.

ह्याचं मूळ ट्रकमध्ये होतं. खड्ड्यांतून गाडी चालवून पाठ धरायची, तेव्हा तळावरच्या दवाखान्यात एक पत्र्याचा डबा असायचा आणि त्यात पाठदुखीच्या पांढऱ्या गोळ्या. नोंद नाही, चिठ्ठी नाही, मूठ भरून घ्यायच्या. ड्रायव्हर लोक त्यांना शेंगदाणे म्हणायचे. "शेंगदाणे घेतलेस का?" असं विचारूनच गाड्या निघायच्या. वीस वर्षं शेंगदाणे खाऊन त्यांच्या पोटाचं अस्तर सोलून निघालं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी काळी उलटी झाली, इस्पितळात ठेवलं, आणि हे तेवढं कागदावर आलं. तेव्हापासून पोटातून थेंब थेंब रक्त झिरपतं आणि लोहाच्या गोळ्या घेतल्या तर तेच पोट त्यांतलं लोह धरत नाही. मग शिरेतून लोहाची बाटली चढवायची. बाटली चढली की महिना दीड महिना बरं वाटतं, ओठांना रंग येतो, मग पुन्हा उतरण.

"ऑइल गळतंय," त्या म्हणायच्या. "गळती काढता येत नाही, तर टाकी भरत राहायची."

सासूबाईंनी त्यावर त्यांच्या भाषेत शिक्का मारला, "आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?"

माजी सैनिकांची एक वसाहत आहे, आमच्यापासून बसने वीस मिनिटांवर. तिथे तळमजल्याला सहा खोल्या अपंग सैनिकांसाठी राखून ठेवल्यात. त्यातली एक रिकामी झाल्याचं कळलं तेव्हा फौजीताई मला घेऊन बघायला गेल्या. एक खोली, मागे स्वयंपाकघर, खिडकीला जाळी. पुढचं दार थेट गल्लीत उघडतं, मधे एकच पायरी, तीही वीतभर. समोर वाण्याचं दुकान आणि बसथांबा. फौजीताईंनी दाराशी उभं राहून बसमधून उतरणाऱ्या माणसांकडे पाहिलं. मग वाकून उंबऱ्यापासून भिंतीपर्यंतची जागा वितीने मोजली. "पलंग इथे," म्हणाल्या. "उशी ह्या बाजूला. म्हणजे तोंडं दिसतील."

त्या दिवशी आजींनी एक गाठोडं बांधलं. दोन लुगडी, कंगवा, औषधाची डबी आणि चांगला चष्मा. "हा इथे काय कामाचा? डोकी बघायला साधा पुरतो." गाठोडं पलंगाच्या पायथ्याशी ठेवलं गेलं.

खोली मिळायला अपंगत्व तीस टक्के हवं. सैनिक कल्याण कार्यालयात एक चष्मेवाले कारकून आहेत, त्यांनी आम्हाला हिशोब कागदावर काढून दिला. नुसतं खाण्यापिण्याने भागत असेल किंवा रोग्याची काही तक्रार नसेल तर शून्य. कायम गोळ्या, किंवा वर्षात तीनपर्यंत बाटल्या, तर दहा. वर्षात चार किंवा जास्त बाटल्या, तर तीस. वर्ष म्हणजे अर्जावरच्या शिक्क्याच्या आधीचे बारा महिने. फौजीताईंच्या तीन झाल्या होत्या आणि चौथीची तारीख पुढच्याच आठवड्यात होती. ती चढवून मग अर्जावर शिक्का घ्यायचा, असं ठरलं. इतकं सोपं होतं.

बाटलीच्या दिवशी त्या सकाळी गेल्या आणि तासाभरात परत आल्या. मला जिन्यात भेटल्या. दंडाला पट्टी नव्हती.

झालं असं होतं. दवाखान्यात त्या दिवशी औषध कमी आलं होतं. नर्स रांगेतल्या एकेकीला विचारत होती, कुणाला जास्त त्रास आहे, कुणी थांबू शकेल का. फौजीताईंच्या मागे दिवस भरत आलेली एक पोर भिंतीला टेकून उभी होती. नर्सने फौजीताईंना विचारलं, "तुम्हाला काही तक्रार?" आणि त्या म्हणाल्या, "तक्रार नाही."

मी कपाळावर हात मारून घेतला. त्या म्हणाल्या, "तिला उभं राहवत नव्हतं, वहिनी."

"आणि तुम्हाला राहवतं?"

पुढचं औषध यायला पंधरा दिवस होते आणि खोलीच्या अर्जाची मुदत त्याआधीच संपत होती. शिक्का तीन बाटल्यांवरच घ्यावा लागला. कारकून म्हणाले, हरकत नाही, अपंगत्व ठरवणाऱ्या बोर्डावरचे डॉक्टर माणूस बघतात, नीट सगळं सांगितलंत तर तीससुद्धा देऊ शकतात. पण सांगा मात्र. तोंड उघडून सांगा.

म्हणून आम्ही तयारी केली. मी फौजीताईंची जुनी फाईल स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरली. लष्करात वर्षातून दोनदा तपासणी असायची. सगळ्यांना रांगेत उभं करायचे, डॉक्टरसाहेब पुढून जायचे, प्रत्येकापाशी थांबून "काही तक्रार?" आणि समोरच्याने टाचा जुळवून "तक्रार नाही, साहेब." त्यांच्या पहिल्याच वर्षी बरोबरच्या एका मुलीने ताप येतो असं सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत तिचा ट्रक दुसऱ्याला दिला गेला आणि ती सामानाच्या गोदामात चादरी मोजायला बसली. त्यानंतर कुणाला काही झालं नाही. सगळेच हेच उत्तर देतात म्हटल्यावर लिहिणाऱ्याने पुढे रबरी शिक्काच करून घेतला. फाईलमध्ये बेचाळीस पानं होती आणि बेचाळीस पानांवर जांभळ्या शाईत तेच. तक्रार नाही. पाठ धरली होती त्या वर्षीही, आणि काळ्या उलटीच्या पंधरा दिवस आधीही.

मी डॉक्टर झाले. चष्मा नाकावर ओढून विचारलं, "काय हो, काही तक्रार?"

"तक्रार नाही," त्या म्हणाल्या आणि स्वतःच तोंडावर हात ठेवला.

आतून सासूबाईंचा आवाज आला, "अगं, माझ्यातल्या चार घेऊन जा. मला पुरून उरतील."

आम्ही दोघी खूप हसलो. मग तीन दिवस रोज संध्याकाळी, त्यांचा बर्फ खाऊन झाला की उजळणी. चौथ्या संध्याकाळी त्या न अडखळता म्हणाल्या की साहेब, दोन मजल्यांवर मला थांबावं लागतं, डोळ्यांपुढे अंधारी येते, छाती धडधडते, हातातून भांडी पडतात, आईला उचलता येत नाही. शेवटचं वाक्य म्हणताना त्या खाली बघत होत्या. मी म्हटलं, हेच सगळ्यात महत्त्वाचं, हे आधी सांगा.

बोर्डाच्या दिवशी मी बरोबर गेले. त्या आल्या त्या कडक इस्त्रीच्या कपड्यांत आणि चकचकीत बुटांत. मी म्हटलं, "ताई, आज जरा फिकट दिसलात तरी चालेल." तर म्हणाल्या, "साहेबांसमोर तसं कसं जायचं?"

कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टला दोरीने पुठ्ठा बांधलेला, बंद. खाली बाकावर तीन म्हातारे माजी सैनिक बसले होते. एकाने फौजीताईंचा बिल्ला पाहून मान डोलावली. झालं. त्यांच्या देखत ती बाई दोन्ही जिने न थांबता चढून गेली. मी मागून बघत होते, कठड्यावरचा हात पांढरा पडला होता. वर पोचल्यावर म्हणाल्या, तोंड धुऊन येते. बराच वेळ लागला. बाहेर आल्या तेव्हा गाल टॉवेलने इतके खसखसून पुसले होते की लाल दिसत होते.

त्या आत गेल्या आणि मी दाराबाहेरच्या बाकावर बसले. शिपाई सारखा कागद घेऊन ये-जा करत होता, त्यामुळे दार अर्धं उघडंच होतं. मधे बसलेले डॉक्टर स्वतः लष्करातले असावेत. आवाज मोठा पण माया असलेला. कुठल्या तळावर होतात, कुठली गाडी चालवलीत, त्या रस्त्यावर मीही गेलोय, असं चाललं होतं. मग कागद उलटल्याचा आवाज आला आणि त्यांनी, फार वर्षांच्या सवयीने असेल, त्या ठरलेल्या सुरात विचारलं, "काही तक्रार?"

टाचा जुळल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला.

"तक्रार नाही, साहेब."

"शाब्बास. इथे सही करा."

मग फौजीताईंचा आवाज, आधीपेक्षा पुष्कळ लहान, "म्हणजे साहेब, तो जिना..." पण शिपायाने तोवर पुढचं नाव पुकारलं होतं.

परतीच्या बसमध्ये मी दोघींची तिकिटं काढली. मी ऐकलंय हे त्यांना माहीत होतं. दोन थांबे गेल्यावर त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "तुम्ही विचारायचात तेव्हा तुम्ही वहिनी होता. ते साहेब होते."

त्यानंतर पाच आठवड्यांनी ती थाप आणि तो लिफाफा.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. ह्यांनी जळक्या कॉलरचा शर्ट मुकाट घालून ऑफिस गाठलं, मुलं शाळेत गेली, आणि मी टेबल पुसून पुनर्विचाराचा अर्ज लिहायला बसले. पदवीचा उपयोग म्हणून कधी झाला असेल तर त्या दिवशी. दोन पानं लिहिली. शेंगदाण्यांपासून नखांपर्यंत आणि आजींपासून जिन्यापर्यंत सगळं. डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या हाताने चिठ्ठी दिली. चौथी बाटली मधल्या काळात चढली होती, तिची पावती जोडली. सासूबाईंनी पाकिटाला हात लावून यश येऊ दे म्हटलं, आणि गुडघा विसरून दाराशी आल्या.

कारकुनांनी सगळे कागद वाचले. शेवटच्या पावतीवर पेन्सिल टेकवली, मग शिक्क्याच्या तारखेवर, आणि ओठ हलवत दिवस मोजले. पुन्हा मोजले.

"चौथी बाटली नऊ दिवस उशिरा," म्हणाले.

मी म्हटलं, अहो, नऊ दिवस. रक्त काय तारीख बघून गळतं का?

"मी तुमच्या बाजूचा आहे, बाई. कागद नाही." त्यांनी फाईल आमच्याकडे वळवली. बोर्डाच्या पानावर, तक्रारींच्या रकान्यात, तेच दोन शब्द हाताने लिहिलेले आणि खाली फौजीताईंची सही. ठसठशीत, वळणदार, एका ओळीत. "हे मी कसं खोडू? ह्यांनीच लिहून दिलंय." मग आवाज उतरवून म्हणाले की फाईलमधली बेचाळीस पानं बोर्डवाले वाचत बसतील तर सगळी हेच सांगतात, एकवीस वर्षं ह्या बाईला कधी काही झालंच नाही.

निघताना फौजीताईंनी आपली खुर्ची उचलून भिंतीशी होती तशी लावून ठेवली आणि नंतर क्षणभर खुर्चीच्या पाठीलाच धरून उभ्या राहिल्या.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. गोळ्या आणि तीन बाटल्या विचारात घेऊन अपंगत्वाचे प्रमाण दहा टक्के करण्यात येत आहे. पुढील तपासणी दोन वर्षांनंतर.

"शून्यावरून दहा," फौजीताई म्हणाल्या. "बढती झाली."

खोली एका पाय गेलेल्या जवानाला मिळाली होती. तरुण होता, बायको आणि लहान मूल असलेला. मला निदान चडफडायला तरी कुणी हवं होतं, तर तेही नाही. फौजीताई म्हणाल्या, "त्याला पाय नाहीये, वहिनी. द्यायलाच हवी." रिकामी होणारी दुसरी खोली नाही आणि झाली तरी तीस टक्के हवेतच. दोन वर्षांनी आजी ऐंशीच्या होतील. सासूबाईंनी हा हिशोब बोटांवर केला आणि बोटं मिटून पदरात घेतली. त्या दिवशी गुडघ्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत.

मी वर गेले तेव्हा आजी गाठोडं सोडत होत्या. लुगडी उशाखाली गेली, कंगवा खिडकीत. चांगला चष्मा त्यांनी फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला आणि कपाटात अगदी मागे ठेवायला सांगितलं. डोक्यांचं गाऱ्हाणं त्या दिवशी झालं नाही, आणि नंतरही कधी झालं नाही. पुढच्या वेळी गेले तर पलंगाची दिशा बदलली होती. आजींचं तोंड भिंतीकडे होतं. खिडकीतून वारा लागतो म्हणाल्या.

बाटल्या चालू आहेत. आता महिनाभरही पुरत नाहीत. डॉक्टरीणबाई म्हणतात, पोट आणखी झिरपतंय, आणि फार काही करण्यासारखं नाही. फौजीताई दिवसातून एकदाच उतरतात, दूध, भाजी, औषध सगळं एका खेपेत आणतात. मुलांना पाठवते म्हटलं तर मान हलवतात. माझ्या दारासमोरून त्यांची पावलं गेली की मी नकळत मोजते. आमच्या मजल्यावरून अकरा पायऱ्या, मग वळण, आणि तिथे पावलं थांबतात. पूर्वी मिनिटभर थांबायची. हल्ली मी वरण शिजायला ठेवून, भाजी चिरून परत कान देते, तरी वर गेल्याचा आवाज आलेला नसतो.

परवा दुपारी मी बाजारातून आले तर त्या त्याच वळणावर होत्या. पिशवी पायाशी, दोन्ही हात भिंतीवर, कपाळ हातांवर टेकवलेलं. समोर, त्यांच्या डोक्याच्या वर, ह्यांनी सोसायटीचे चिटणीस म्हणून स्वतःच्या हस्ताक्षरात चिकटवलेली सूचना होती. जिन्यात कोणतीही वस्तू ठेवू नये. तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या सायकलीवरून झालेल्या भांडणानंतरची.

मी म्हटलं, ताई, पायरीवर बसा ना.

त्यांनी कपाळ न उचलताच सांगितलं की पायरी फार खाली पडते. बसता येतं, पण मग उठवत नाही. मंगळवारी बसल्या होत्या, तर इस्त्रीवाला येईपर्यंत बसूनच राहावं लागलं.

मी त्यांची पिशवी उचलली. त्या सरळ झाल्या, पदर नीट केला, आणि एक हात भिंतीवर तसाच ठेवून, पण टाचा जुळवून, माझ्याकडे बघितलं. बोलायला वेळ लागला. श्वास जमवत होत्या, की दुसरं काही, मला कळलं नाही.

"वहिनी, तुमच्या साहेबांना एक विचाराल? ह्या वळणावर मला एक स्टूल ठेवायचं आहे. टेकण्यापुरतं."